बेडकाच्या जबड्यातला कागद

१

मोठ्या बाई आल्या, खुर्चीत बसल्या आणि चहाला नको म्हणाल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका भर दुपारी घरी येतात आणि चहाला नको म्हणतात, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून आईसमोर सरकवला. "हा तुमचाच ना?"

आईने घडी उलगडली. ओलं फडकं फिरवल्यावर फळा होतो तसा तिचा चेहरा झाला, काळा आणि कोरा. तो निवड परीक्षेचा विज्ञानाचा पेपर होता. पुढच्या आठवड्यात दहावीची मुलं तो सोडवणार होती, आणि त्यातून निवडलेल्यांना विज्ञानाच्या निवासी शाळेत फुकट जागा मिळणार होती. पेपर आईनेच काढलेला. विजेच्या परिपथांच्या आकृत्यासुद्धा तिच्याच हातच्या. बाणाला मागे शेपटी काढायची खोड जगात तिला एकटीलाच.

"ही झेरॉक्स आहे," आई म्हणाली. "मूळ कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कुलपात."

"झेरॉक्स आज सकाळी शाळेच्या वाचनालयात मिळाली. मी रोज वाचते त्या वर्तमानपत्राच्या घडीत."

दारात शंकू उभी होती, दप्तर अजून पाठीवरच. ती नववीत होती. बारीकसारीक गोष्टीवर शंका काढते म्हणून आजोबांनी तिला शंकासूर म्हटलं होतं. ते नाव वापरून वापरून झिजलं आणि शंकू उरलं. मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी तिला सोबत घेतलं होतं. हाताला धरलं नव्हतं, पण नजरेची पकड हातापेक्षा घट्ट होती.

"वाचनालयाची किल्ली या आठवड्यात हिच्याकडे आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, मी दार उघडलं, वर्तमानपत्र ठेवलं आणि वर्गात गेले," शंकू म्हणाली. "त्यानंतर अर्धी शाळा तिथून जाऊन आली असेल."

"असेल. पण त्या अर्ध्या शाळेच्या घरी हा पेपर नव्हता."

शंकूने दप्तर खाली ठेवलं.

मोठ्या बाई उठल्या. "संध्याकाळी समिती बसते. पेपर बदलावा लागणार हे तर झालंच. पण तो फुटला कुठून ते मला सांगावं लागेल. तुमच्यासाठी मी शब्द टाकला होता. या घरातून मुंगी बाहेर पडणार नाही, असं म्हटलं होतं मी. समितीला जाता जाता इथे डोकावेन. तोवर तुमच्याकडे दुसरं नाव नसेल, तर एकच नाव उरतं." त्यांनी शंकूकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरजच नव्हती.

दार लागलं. पेपर काढणं हेच आईचं काम होतं. कितीतरी शाळा डोळे मिटून तिच्याकडे पेपर द्यायच्या, कारण ती तोंड मिटून ठेवायची. एकदा का हे पसरलं, की उद्यापासून कोणी दारात उभं करणार नव्हतं.

"शंकू, एकदाच विचारते."

"विचार."

"तू नेलास?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली. त्या 'बरं'मध्ये विश्वास किती आणि थकवा किती, हे शंकूला काही केल्या वेगळं करता येईना.

२

गंमत अशी, की घरात मशीन आणलं तेच मुळी पेपर फुटू नये म्हणून. दरवर्षी समितीच्या तपासनिसांना द्यायच्या प्रती काढायला आईला झेरॉक्सच्या दुकानात रांग लावावी लागे. मागचा माणूस खांद्यावरून मान लांब करून कागद बघतोय, आई पदर पसरल्यासारखी त्यावर हात पसरून उभी, असा तमाशा. शेवटी ती म्हणाली, घरातच एक छोटं मशीन घेऊ, आणि निवडीचं काम शंकूवर सोपवलं.

शंकूने ते अंगात आल्यासारखं केलं. कपाट आणि खिडकी यांच्यामधला कोपरा मोजला. वरच्या फळीला झाकण अडकायला नको, तापायला फार वेळ नको, टोनर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायला हवा, साधा कागद चालायला हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आईचे चिकटवलेले कागद निघायला हवेत. कारण आई प्रश्न टाइप करून घ्यायची, पण आकृत्या हाताने काढून, कापून, डिंकाने चिकटवायची. कॉम्प्युटरने काढलेल्या आकृत्या तिला मेलेल्या वाटायच्या.

रविवारी सकाळी मशीनवाले काका दोन मशीनं घेऊन आले. एक वरून कागद गिळायचं. त्याचं नाव शंकूने खादाड ठेवलं. दुसरं बुटकं, जाड ओठांचं, झाकण उघडून काचेवर कागद पालथा घालायचा. ते झालं बेडूक.

काकांनी दोन्ही शिकवली, शंकूला आणि आईच्या टायपिंगवाल्या ताईला. बेडूक जरा झोपाळू होतं. पहिल्यांदा बटण दाबलं की ते फक्त जागं व्हायचं. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं आणि मग पुन्हा दाबायचं. ताई बिचारी अर्धी सकाळ एकदाच दाबून बेडकाकडे बघत बसली होती.

मग आईने परीक्षेला मागच्या वर्षीचा चिकटवलेला पेपर दिला. खादाडाने तो ओढला, आकृती सोलून घशात ठेवली आणि बाकीचा कागद चुरगाळून बाहेर टाकला.

"वहिनी, चिकटवलेलं याला पचत नाही," काका म्हणाले.

"मग याला घरी न्या, पथ्यावर ठेवा," आई म्हणाली.

बेडकाने कागद नीट काढला. पण प्रत्येक आकृतीभोवती करडी चौकट उमटली. चिकटवलेल्या तुकड्याच्या कडेची सावली. आईने नाक मुरडलं. काका म्हणाले, "एवढं चालतं हो," आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत बेडूक वापरून बघा म्हणाले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे शिकवणीवाले सर 'बघू तरी' म्हणत उतरले. आपलं ओळखपत्र त्यांनी काकांकडून फुकटात काढून घेतलं आणि वर गेले.

काका खादाडाला खाली नेत होते तेव्हाच मामा जिना चढत होता. मामा विम्याच्या कंपनीत होता आणि कुठल्याही विषयावर त्याच्याकडे सल्ला तयार असे.

"ताई, सोन्यासारखं मशीन परत पाठवलंस," तो आल्या आल्या आईला म्हणाला. "आमच्या ऑफिसात हेच आहे, मोठं. गठ्ठा वर उताणा ठेवायचा आणि चहाला जायचं. परत येईस्तोवर काम फत्ते. आणि हे काय, पोळपाटाएवढं? असल्या खेळण्याला मी हात लावत नाही."

जेवणानंतर शंकूला बेडकाच्या मागच्या बाजूला एक गोल बटण सापडलं, फिकट-गडद करायचं. ते पार फिकटाकडे फिरवलं आणि मागच्या वर्षीचा पेपर पुन्हा काढला. करड्या चौकटी गायब. आईने तिच्या पाठीवर थाप मारली. अशी थाप वर्षातून फार वेळा पडत नाही, म्हणून शंकूने बटण तसंच ठेवलं.

दुपारच्या चहाला आईने यंदाचा पेपर शेवटचा तपासला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवरला कुलूप ती रात्रीच घालायची. मग दोघी कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणायला बाहेर गेल्या. निघताना ताई टाइप करत होती आणि मामा सोफ्यावर लवंडला होता. परत आल्या तेव्हा ताई गेलेली होती आणि मामा घोरत होता.

एवढाच तो रविवार. त्यात कुठेतरी चोर होता, आणि तो शंकूने केलेला चहा पिऊन गेला होता.

३

"आई, दोन्ही कागद दे."

"बघून काय करणार?"

"पेपर आता बाद झालाय ना. मग मी बघितला तर काय बिघडलं?"

आईने कुलूप काढलं. मूळ पेपर आणि वाचनालयात मिळालेली झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवले. शंकूने प्रश्न वाचलेसुद्धा नाहीत. ती आकृत्यांच्या कडा बघत होती.

मूळ कागदावर आकृत्या चिकटवलेल्या. झेरॉक्सवर त्यांच्याभोवती काहीच नाही. स्वच्छ.

"चौकटी कुठे गेल्या?" ती पुटपुटली.

"कसल्या चौकटी?"

"सावलीच्या. काल सकाळी बेडूक त्या काढत होतं. मी बटण फिरवलं तेव्हा गेल्या." तिने झेरॉक्स उजेडाकडे धरली. "आई, ही झेरॉक्स मी बटण फिरवल्यानंतरची आहे. म्हणजे जेवणानंतरची."

आई पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसली. "काका तर जेवणाआधीच गेले."

"आणि सरही."

तरी शंकू वर गेलीच. शंका ठेवून जेवण पचत नाही असल्या जातीची ती. सर चटईवर उत्तरपत्रिकांच्या ढिगात बसले होते. पेपर फुटल्याची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"सर, काल जेवण झाल्यावर तुम्ही पुन्हा आमच्याकडे आला होता का?"

"माझ्यावर संशय?" सर चष्म्यावरून म्हणाले. "अगं, मला पेपर फोडायची काय गरज? माझी मुलं फुटलेल्या पेपरातही नापास होतील. हे बघ, उष्णतेचं एकक विचारलं तर याने 'घाम' लिहिलंय."

"पण आला होता का?"

"दुपारभर इथेच होतो, सगळी बॅच साक्षीला आहे. विचार जाऊन." मग जरा मऊ होऊन ते म्हणाले, "आईला म्हणावं, धीर सोडू नका."

काकांना फोन लावला. ते म्हणाले, "पोरी, काल दुपारी मी खादाडाच्या पोटातून तुझ्या आईची आकृती काढत बसलो होतो. संध्याकाळी येतो, बेडकाचं काय ते ठरवून ठेवा."

दोघं वजा झाले. गणितात वजाबाकी सोपी, पण इथे उरलेल्यांची नावं शंकूला आवडेनात. जेवणानंतर घरात आई होती, ती स्वतः होती, आणि दोनच माणसं होती. एक टायपिंगवाली ताई, जिने तिला मराठी टाइप करायला शिकवलं होतं. आणि दुसरा मामा.

४

ताई आली ती रडवेली होऊनच. आईने फोनवर सांगितलं होतं.

"मॅडम, पेपर मीच टाइप केलाय," ती म्हणाली. "मला पाहिजे असता तर कॉम्प्युटरवरूनच नेला असता ना. आकृत्यांसकट झेरॉक्स कशाला काढत बसेन?"

"आकृत्यांशिवाय पेपर अर्धाच," शंकू म्हणाली.

ताईने तिच्याकडे असं पाहिलं, की शंकूला जीभ चावावीशी वाटली. पण शब्द सुटला तो सुटला.

"मी निघाले तेव्हा मामा जागे होते," ताई म्हणाली. "मला म्हणाले, जा तू, मी आहे घरी."

मामाला फोन केला तर तो हसला. "जागा? अगं, तुम्ही जिना उतरायच्या आधी मी ढाराढूर. आईला सांग, त्या टायपिस्टला विचार जरा. गरीब माणसाला मोह होतो कधीकधी."

"मामा, तू मशीनला हात लावलास?"

"त्या खेळण्याला? सांगितलं ना, नाही."

एकाचं दुसऱ्याच्या विरुद्ध. ताई म्हणते तो जागा, मामा म्हणतो मी झोपलेला. यातलं कोण खोटं? शंकूने विचार करायला बेडकाच्या ट्रेमधला वरचा कोरा कागद ओढला. हातात पेन्सिल नसली की तिचं डोकं चालत नाही. चार चौकोन काढले, दोनांवर फुल्या मारल्या आणि थांबली.

कागदाच्या कोपऱ्यात एक फिकट करडी कमान होती. अर्धवट वर्तुळ. चंद्रकोर म्हणा ना.

"बेडूक डाग पाडतंय," तिला वाटलं. मशीन निवडायची जबाबदारी तिच्याकडे होती, तेव्हा तपासायलाच हवं. तिने काचेवर काही न ठेवता एक कागद काढला. स्वच्छ. आणखी एक. स्वच्छ. मशीनचा दोष असता तर प्रत्येक कागदावर उमटला असता. हा एकाच कागदावर होता. म्हणजे दोष मशीनचा नव्हता. काचेवर कोणीतरी असं काहीतरी ठेवलं होतं, ज्यावर अर्धवट वर्तुळाखेरीज काहीच नव्हतं.

शंकू बराच वेळ त्या कमानीकडे बघत राहिली. मग सावकाश टेबलाशी आली आणि आईचा मूळ पेपर उलटा केला.

मागच्या कोऱ्या बाजूला चहाच्या कपाचा ठसा होता. अर्धवट वर्तुळ. तपासताना कागद उलटून आईने त्यावर कप ठेवला असणार. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून तिने खिडकीच्या उजेडात धरले. कमानीवर कमान अशी बसली, की मधून केसही गेला नसता.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. "चोराने आधी पेपर उताणा ठेवला. काचेवर पालथा घालायचा हे त्याला माहीतच नव्हतं. पाठ छापून आली. त्याला वाटलं कोराच कागद बाहेर पडला, म्हणून त्याने तो परत ट्रेमध्ये ठेवला."

ताईचे डोळे पुसायचे राहिले. काल सकाळभर तिने काचेवर कागद पालथे घातले होते. झोपेत उठवलं असतं तरी तिने पालथाच घातला असता.

गठ्ठा वर उताणा ठेवायचा आणि चहाला जायचं. हे वाक्य कोणाचं, ते खोलीतल्या तिघींनाही ठाऊक होतं.

आई उठून खिडकीशी गेली. पाठमोरीच म्हणाली, "लहानपणी तापात मी त्याच्या उशाशी बसायची."

५

शाळा सुटल्यावर माऊताई फाटकाशी येऊन उभी राहिली. माऊताई म्हणजे मामाची मुलगी, शंकूच्याच शाळेत दहावीत. निवड परीक्षेला बसणारी, आणि विज्ञानाच्या नावाने घाम फुटणारी.

"आत ये ना," शंकू म्हणाली.

"नको." ती फाटकाच्या कडीशी चाळा करत होती. "शंके, पेपर बदलतील का गं?"

शाळेत मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्यांनी शंकूला एकच विचारलं होतं, कोणी केलं. माऊताईने ते विचारलंच नाही.

"बदलणारच," शंकू म्हणाली.

माऊताईच्या खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी शंकूच्या डोक्यात अडलेली शेवटची गाठ सुटली. सकाळपासून ती एका गोष्टीवर अडखळत होती: चोरलेला पेपर चोर लपवतो. मुख्याध्यापिकांच्या वर्तमानपत्रात कोण ठेवतो? ज्याला तो सापडायला हवा असतो तो.

"पण पेपर बदलून भागणार नाही," शंकू हळूच म्हणाली. "नाव माझं जाणार आहे. आणि आईचं काम सुटणार आहे. कायमचं."

माऊताईचा हात कडीवरच राहिला. "आत्याचं? का? तिने काय केलं?"

"घर तिचं. ड्रॉवर तिचा."

माऊताई परत फिरली नाही. शंकूच्या मागोमाग आत आली आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली, डॉक्टरकडे बसतात तशी.

आता शंकूला सगळं कळलं होतं, आणि कळण्यात काही मजा नसते हेही कळलं होतं. मामाचं नाव घेतलं तर आईचा भाऊ जाणार होता. नाही घेतलं तर आई जाणार होती. जिन्यावर पावलं वाजली. मोठ्या बाईंच्या चपलांचा आवाज अख्खी शाळा ओळखते.

६

समोरच्या खोलीत एवढी माणसं कधी मावली नव्हती. मोठ्या बाई खुर्चीत, हातात पर्स घट्ट. सर दाराला टेकून. ताई टाइपरायटरच्या जुन्या स्टुलावर. मशीनवाले काका नुकतेच आलेले, 'घेताय की नेऊ' या तयारीत. आणि मामा, आईने बोलावलं म्हणून आलेला, सोफ्यावर पाय पसरून.

"नाव मिळालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बाई, आधी काकांचं मशीनचं ठरवून टाकते," शंकू म्हणाली. "नवख्या माणसाला हे जमतं की नाही एवढंच बघायचंय. मामा, तू काढ ना एक झेरॉक्स. तू तर याला हात लावलेला नाहीस. तुला जमलं तर कोणालाही जमेल."

"ही काय वेळ आहे?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"काढ," आई म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की मामा उठला.

"यात काय आहे?" तो म्हणाला. शंकूने दिलेला कागद त्याने घेतला. झाकण उघडलं. कागद काचेवर पालथा घातला, कोपऱ्यातल्या खुणेला भिडवला, झाकण लावलं. बटण दाबलं. आणि थांबला. हिरवा दिवा लागल्यावर पुन्हा दाबलं. बेडूक घुरघुरलं आणि झेरॉक्स बाहेर आली. "घ्या. लहान मुलाला जमेल."

"अगंबाई," ताई सहज बोलून गेली, "मला तर ते दोनदा दाबायचं कळायला अर्धी सकाळ लागली होती."

सगळ्यांची नजर मामाकडे वळली. मामाने हातातली झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"बघत होतो ना मी काल तुम्हाला," तो म्हणाला.

"बघून शिकला असतास तर हा कागद निघाला नसता." शंकूने कमानीचा कागद आणि मूळ पेपर टेबलावर ठेवले. मग तिने सगळं सांगितलं. चौकटी, गोल बटण, कपाचा ठसा, उताणा कागद. बोलताना ती मामाकडे बघत नव्हती. ऑफिसातल्या मशीनची सवय हाताला लागलेला, आणि जेवणानंतर घरात एकटा उरलेला माणूस एकच होता, एवढं म्हणून ती थांबली. नाव तिच्या तोंडून निघेना.

"पोरखेळ आहे हा," मामा आईकडे वळून म्हणाला. "चहाचा डाग म्हणजे पुरावा? ताई, तू ऐकून घेतेस? आणि मी कशाला नेऊन ठेवू तो शाळेत?"

"तुम्ही नाही ठेवलात, बाबा."

माऊताई आतल्या दारात उभी होती.

"तुम्ही मला दिलात. म्हणालात, एवढाच करून जा, जागा तुझीच. रात्रभर मी तो उशीखाली ठेवला. वाचला नाही." ती मोठ्या बाईंकडे वळली. "बाई, मी नुसता फाडून टाकला असता तर बाबांनी दुसरा आणला असता. म्हणून तुम्हाला सापडेल असा ठेवला. पेपर बदलला की सगळं मिटेल असं वाटलं. आत्यावर येईल हे मला खरंच कळलं नाही."

मामा सोफ्यावर बसला. बसला म्हणण्यापेक्षा खाली गेला. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात सल्ला नव्हता.

"दोन वर्षं मागे लागलो होतो ताईच्या," तो म्हणाला. "पोरीला विज्ञान शिकव म्हणून. ही म्हणते, मी पेपर काढते, शिकवता यायचं नाही. जगातल्या सगळ्या पोरांचे पेपर हिच्याकडे, आणि भाचीला एक परिपथ समजावायचा नाही. पोर रडायची अभ्यासाला बसून. काय करायचं मी?"

"हे नाही करायचं," आई म्हणाली.

मोठ्या बाई उठल्या. त्यांना समितीला उशीर होत होता, आणि तरी त्या आईच्या तोंडाकडे बघत थांबल्या. नाव त्यांनाही कळलं होतं. पण ते आईनेच द्यायला हवं होतं.

"मी येते तुमच्याबरोबर," आई म्हणाली. "समितीला मीच सांगेन. माझ्या भावाने नेला. माझ्या घरातून, माझ्या उघड्या ड्रॉवरमधून. मुलीने केलेलं नाही, आणि भाचीने तुमच्यापर्यंत पोचवला. तिला परीक्षेला बसू द्यावं, एवढं मागेन. माझ्यासाठी काही नाही."

"यंदाचा पेपर दुसरं कोणीतरी काढेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीचं मी आज बोलत नाही."

"नका बोलू."

दोघी गेल्या. सर हळूच सटकले. काकांनी घसा खाकरून शंकूला खुणेनेच विचारलं, आणि शंकूने खुणेनेच सांगितलं, उद्या. ताई जाताना मामासमोर क्षणभर थांबली. "गरीब माणसाला मोह होतो ना?" ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरली.

दिवे लागल्यावर आई परत आली. मामा तिथेच बसलेला, माऊताई जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन, आणि शंकू दोघांच्या मधोमध. आईने चपला काढल्या, तोंड धुतलं. मामाने मान वर केली, पण ती त्याच्याशी बोलली नाही. आज बोलणार नव्हती. कदाचित बरेच दिवस बोलणार नव्हती.

"माऊ बसू शकते परीक्षेला," ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. "आणि मला समितीने रजा दिली."

"कायमची?" शंकूने विचारलं.

"ते त्यांनाही माहीत नाही."

मग आईने टेबलावरचा पसारा एका बाजूला सारला, खुर्ची ओढली आणि शेजारी दुसरी.

"माऊ, इकडे ये," ती म्हणाली. "यंदा मी पेपर काढत नाही. मला कोणी अडवू शकत नाही. बस. विजेपासून सुरू करू."